सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. मेसेज कसला, प्रबंधच तो. त्यातला तक्ता मला फार आवडला हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की काका नुसते डाफरतात. जिंजर बेकर, १९ ऑगस्ट १९३९. इयन गिलन, १९ ऑगस्ट १९४५. जॉन डीकन, १९ ऑगस्ट १९५१. क्रीमचा ड्रमर, डीप पर्पलचा गायक, क्वीनचा बेसवाला. बरोब्बर सहा-सहा वर्षांनी एकेक, आणि तारीख तुझीच. तिघांच्याही रेकॉर्डी मी झिजेस्तोवर ऐकल्यात, पण हे सहाचं गणित माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शाब्बास.

पण तक्त्याखालचा प्रश्न? 'काका, मी यांतली कोण?' सगळ्यांशी भांडून उठणारा बेकर, सोडून जाणारा आणि परत येणारा गिलन, की मुकाट घरी जाऊन बसलेला डीकन? बंगळूरची नोकरी धरू की बँड धरू? वर आणखी सिंह रास आणि तिचे गुणदोष. अगं, एका तारखेला जन्मलेली ही तीन माणसं तीन दिशांना गेली, यातच तुझ्या राशीचा निकाल लागला की. (तिघांचा मिळून एक बँड झाला असता तर पहिल्याच तालमीत मोडला असता. बेकरच्या ड्रमशेजारी डीकन बेस घेऊन उभा! जरा डोळ्यांपुढे आण.)

मला खटकली ती तुझी शेवटची ओळ. घाईघाईत लिहिलेली, पूर्णविरामसुद्धा न दिलेली. नवं गाणं गेल्या आठवड्यात सगळीकडे अपलोड झालं, त्यावर 'संगीत' म्हणून एकट्या गिटारवाल्याचं नाव आहे, 'पण ते जाऊ दे काका, आपल्यातलंच आहे'.

ते जाऊ दे? का जाऊ दे? ते गाणं सुरू होतं ते तुझ्या बेसनं. पहिले चार बार, म्हणजे चार आवर्तनं, दुसरं कुणी वाद्याला हातसुद्धा लावत नाही. शब्द यायच्या आधी, गिटार यायच्या आधी, तू त्या जाड तारेवर खाली जाऊन परत वर येतेस आणि शेवटच्या मात्रेला मुद्दाम थांबतेस. तुमच्या त्या कॉलेजच्या कार्यक्रमात पोरांनी टाळ्या धरल्या त्या याच जागेला, मी मागं उभा होतो. ती जागा काढून घे आणि बघ गाण्यात काय उरतं. आणि तू म्हणतेस, जाऊ दे.

मी हे सगळं पत्र त्या एका ओळीवर लिहिणार आहे. नोकरीचं नंतर बघू.

आपण शेतकऱ्यांच्या घरातली माणसं. जमीन कुणाची, हे बांधावर उभं राहून ठरत नाही, ते सातबाऱ्यावर ठरतं. चाळीस वर्षं राबलेला भाऊ आणि मुंबईत बसून नाव लावून घेतलेला भाऊ, यांत तलाठी कुणाचं ऐकतो ते तुझ्या आजोबांना विचार. बरं, जमिनीला निदान कूळकायदा तरी आला. कसणाऱ्याला काहीतरी मिळालं. संगीतात कूळकायदा नाही. ज्याचं नाव लागलं त्याचं गाणं, बाकीचे मजूर.

आता तुझा बेकर घे. तू त्याला 'भांडखोर' या एका शब्दात निकालात काढलंस. लंडनच्या दक्षिणेकडचा, लुइशमचा पोरगा. बाप गवंडीकाम करणारा, युद्धात मारला गेला तेव्हा हा चार वर्षांचा. बापानं त्याच्यासाठी पत्र लिहून ठेवलं होतं, चौदाव्या वर्षी उघडायचं. त्यात लिहिलेलं की तुझ्या मुठी हेच तुझे खरे दोस्त. पोरानं ते फारच मनावर घेतलं. आधी सायकलच्या शर्यतींचं वेड होतं, टॅक्सीची धडक बसून सायकल मोडली आणि हा ड्रमकडे वळला. शिकला जॅझवाल्यांकडे. फिल सीमन नावाच्या ड्रमरनं त्याला आफ्रिकेतले ताल ऐकवले आणि हेरॉइनचीही ओळख करून दिली. एकाच गुरूकडून दोन्ही. अलेक्सिस कॉर्नरच्या बँडमध्ये चार्ली वॉट्सनं याच्यासाठी जागा सोडली. तोच वॉट्स पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला. हा मात्र मरेपर्यंत बजावत राहिला की मला रॉकवाला म्हणू नका, मी जॅझचा माणूस.

१९६६ मध्ये क्रीम. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि हा. बेकर आणि ब्रूस यांचं आधीच्या बँडमध्येही पटत नव्हतं, मारामारीपर्यंत गेलेलं, तरी पुन्हा एकत्र आले. नोव्हेंबर १९६८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून मोकळे. जेमतेम अडीच वर्षं. पण त्या अडीच वर्षांत जे झालं त्यावर लोक पन्नास वर्षं जगले. कोण जगले, ते बघ. 'व्हाइट रूम' लाव. सुरुवात ऐक. गाणं चार मात्रांचं आहे, पण सुरुवात पाच मात्रांची. एक-दोन-तीन-चार-पाच, खाली ड्रम गडगडताहेत आणि वर गिटार रडतेय, मग एकदम दार उघडावं तसं गाणं चारात येतं. ती पाचाची कल्पना माझी, असं बेकर आयुष्यभर सांगत राहिला. सातबाऱ्यावर नावं दोन: चाल जॅक ब्रूसची, शब्द पीट ब्राऊनचे. क्रीमच्या काही गाण्यांवर बेकरचं नाव आहे, नाही असं नाही. पण रेडिओवर जी रोज वाजतात, जाहिरातींत आणि सिनेमात जातात, त्यांवर नाही.

मग माणूस कडवट झाला की जन्मतःच होता, हे मला कळायचं कारण नाही. १९७१ मध्ये गाडी घेऊन सहारा ओलांडून नायजेरियात गेला, तिथल्या फेला कुटी या संगीतकाराबरोबर वाजवलं, लागोसला स्टुडिओ काढला, तोही हातचा गेला. पोलोचे घोडे पाळले, ते परवडेनात. इटलीत ऑलिव्हची शेती केली, मग अमेरिका, मग दक्षिण आफ्रिका. २०१२ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट आला, त्यात तो दिग्दर्शकाच्या नाकावर काठी हाणताना दिसतो. लोक हसतात. मला हसू येत नाही. २००५ मध्ये क्रीमनं पुन्हा एकत्र येऊन त्याच अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केले तेव्हा तो पासष्टीचा होता, सांधे गेलेले, आणि तरी काय वाजवलंय! ऑक्टोबर २०१९ मध्ये गेला, ऐंशीचा होऊन. त्याच्या स्वभावाबद्दल बोलणारे हजार भेटतात. त्या पाच मात्रांबद्दल बोलणारे किती?

तू म्हणशील, काका, ड्रम म्हणजे काही चाल नव्हे. बेस म्हणजे काही चाल नव्हे. हो का? मग हे ऐक.

१९६७ मध्ये प्रोकोल हॅरम या बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' आलं. आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रातल्या ऑर्गनवाल्यानं ते कधी ना कधी वाजवलेलं आहे. लोकांना आठवतो तो ऑर्गनचा पीस, गायक तोंड उघडण्याआधीचा. तो रचला मॅथ्यू फिशरनं. गाण्यावर नावं गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर ३८ वर्षं गप्प बसला. २००५ मध्ये कोर्टात गेला. २००६ मध्ये जिंकला, संगीतात ४० टक्के वाटा मिळाला. २००८ मध्ये अपिलात पैशाचा वाटा गेला, नाव राहिलं. जुलै २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, वाटाही परत दिला. मागचं काही मिळालं नाही, पण पुढचं त्याचं. उशीर केला म्हणून हक्क बुडत नाही, एवढं लॉर्डांनी स्पष्ट केलं.

मी ते पेपरात वाचलं त्या दिवशी तुझ्या काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'झालं समाधान?'

आता माझं सांगतो. तू ते तुझ्या आईकडून ऐकलं असशील, पण ती सांगते तसं ते नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा सुकाळ होता. गणपतीची गाणी, लग्नाची गाणी, कोळीगीतं, जे कराल ते खपायचं. आमच्या ग्रुपनं गणपतीची एक कॅसेट केली. चाली माझ्या मित्राच्या, आणि चांगल्या होत्या, आजही म्हणतो. पण त्याची चाल म्हणजे मुखडा आणि अंतरा. सुरुवातीचा पीस कुणी बसवला? दोन अंतऱ्यांच्या मधले पीस? बेसवर ती पायरीपायरीनं उतरणारी जागा, जिथं मग सगळे टाळ एकदम पडतात? त्याच्या घरी रात्र रात्र बसून मीच ते बसवलं, वाजवणाऱ्यांना एकेक मात्रा समजावून सांगितली. कॅसेट आली. वरच्या कागदावर ठळक अक्षरात 'संगीत' आणि त्याचं नाव. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'वाद्यवृंद', त्यात ढोलकीवाला आणि घुंगरूवाला यांच्या मधे मी. तेही आडनाव चुकवून.

मी विचारलं. तो म्हणाला, 'अरे, आपल्यात कसलं आलंय नाव!'

तुझी ओळ आठव.

मी ग्रुप सोडला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. नात्यागोत्यातल्या लग्नांत एकाच पंगतीला येतो, तो आमटी मागतो, मी भात मागतो, संपलं. सगळे मला ऐकवतात: एवढ्याशा नावासाठी जिवाभावाचा मित्र घालवलास. एवढंसं होतं तर द्यायचं होतं ना त्यानं! ज्याला द्यायचं आहे त्याला ते कधी एवढंसं वाटत नाही, मागणाऱ्यानंच ते एवढंसं समजावं अशी सगळ्यांची अपेक्षा. पैशाचा प्रश्नच नव्हता, असंही मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. पैशाचाही होता. ती कॅसेट किती खपली ते मला माहीत आहे. भाद्रपद लागला की कोपऱ्यावरच्या मंडळाचा स्पीकर अजून माझ्या पीसनं सुरू होतो. काकू खिडकी लावून घेते. मला ती उघडीच हवी असते.

आमच्या आधीही हे झालेलं आहे. साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात रॉयल्टीवरून बिनसलं. लताबाईंचं म्हणणं, गाणाऱ्यालाही वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तेव्हा पुष्कळांना वाटलं, बाई हट्टी. मला तर तेव्हापासून त्या जास्तच आवडतात. रफीसाहेब देवमाणूस, वाद नाही. पण हिशेबाच्या वहीत देवमाणसाचं काम नसतं.

आता तुझा लाडका डीकन. 'मुकाट घरी जाऊन बसला' म्हणतेस. लेस्टरचा मुलगा, अकराव्या वर्षी वडील गेले. रेडिओ उघडून बघायचा नाद. लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास झाला, म्हणजे तुझाच विषय की गं. १९७१ मध्ये क्वीनमध्ये आला तो सगळ्यात शेवटी. आधीचे बेसवाले टिकले नव्हते. बाकीचे तिघं म्हणजे एकापेक्षा एक गडगडाट. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी, तो गिटारवाला ब्रायन मे, तो ड्रमर रॉजर टेलर. हा कोपऱ्यात उभा. रेकॉर्डवर मुख्य गायक म्हणून गायलासुद्धा नाही कधी.

पण त्यानं केलं काय बघ. रस्त्यावरच्या भंगाराच्या डब्यात त्याला एका ट्रान्झिस्टर रेडिओच्या सर्किटचा तुकडा सापडला. तो घरी आणला, पुस्तकांच्या फळीवर ठेवतात तसल्या लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. त्याला ना आवाजाचं बटण ना टोनचं. वायर खुपसली की चालू, काढली की बंद. सरावासाठी केलेलं ते खेळणं ब्रायन मेनं उचललं आणि क्वीनच्या रेकॉर्डींवर व्हायोलिनचा ताफा वाटावा, पितळी बँड वाटावा अशी जी गिटार ऐकू येते ती पुष्कळदा त्या खोक्यातून निघालेली आहे. आज जगभर लोक तसला अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, बनवतात आणि त्याला म्हणतात 'डीकी'. नाव लागलं की नाही? न मागता लागलं, असं तू म्हणशील. अँपला लागलं, पोरी. गाण्याला न मागता लागत नाही.

गाण्याचं काम त्यानं सावकाश केलं. १९७४ च्या अल्बमवर एक लहानसं गाणं, स्वतःच्या नावावर. १९७५ मध्ये 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', बायकोसाठी. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला मुळीच आवडत नव्हता, तर यानं तो स्वतः वाजवला. वाद घातला नाही, बसून वाजवला. त्याच सुमाराला घरात मूल येणार होतं, घरासाठी आगाऊ रक्कम भरायला पैसे हवे होते, मॅनेजमेंटनं नकार दिला. हिट गाणी नावावर असलेल्या बँडचा माणूस, आणि हात पसरावे लागतात! पुढे बँडच्या हिशेबावर तो जो बारीक नजर ठेवू लागला त्याचं मूळ माझ्या मते इथं आहे.

मग १९८०, 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. तू बेसवाली आहेस, तुला सांगायला नको, तरी सांगतो. एकच स्वर तीनदा, प्रत्येकामागं जागा सोडून, मग ती वळणाची ओळ. सोडलेल्या जागेतच सगळी गंमत. टेलरला असली गाणी मानवत नव्हती. डीकननं त्याच्याकडून ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून कोरडा ठोका वाजवून घेतला आणि बाकीची बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली. मायकेल जॅक्सननं सांगितलं, हे वेगळं काढा. अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. सातबाऱ्यावर नाव एकच: जॉन डीकन.

क्वीनमध्ये जो लिहील त्याचं नाव, असा नियम होता. त्यातूनही भांडणं झाली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं गाणं होतं. तबकडी एक, म्हणून मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकेच पैसे, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं धुमसलं. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून चौघांनी ठरवलं, नाव फक्त 'क्वीन', वाटे समान. ठरवलं म्हणजे बसून बोलले. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला मॉरिस बेजार या नृत्यदिग्दर्शकाच्या बॅलेच्या वेळी डीकन शेवटचा लोकांसमोर वाजवायला उभा राहिला, त्यानंतर नाही. पंचेचाळिशीत. मे आणि टेलर पुढेही क्वीनच्या नावानं फिरले, हा गेला नाही. पैशाचे निर्णय असले की त्याला विचारतात, असं मेनंच सांगितलेलं आहे.

लोक म्हणतात, किती निर्मोही माणूस! निर्मोही असेलही. पण त्याला घरी जाऊन दार लावून घेता आलं, कारण नाव लावलेलं होतं. बेकर सत्तरीतही वाजवत फिरला, त्यात हौस किती आणि गरज किती ते तूच ठरव. तू म्हणतेस यांतलं कोण व्हावं ते कळत नाही. अगं, नाव लागलेलं असेल तर तिघांतलं कुणीही होता येतं, आणि नसेल तर बेकरच वाट्याला येतो.

गिलनबद्दल फार लिहीत नाही. तू त्याच्यावर दोन पानं लिहिलीस तेवढं त्याच्यात काही गूढ नाही. १९६९ मध्ये डीप पर्पलमध्ये आला, १९७३ मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमानंतर बाहेर पडला, धंद्यात पैसे घालून बुडाला, स्वतःचे बँड काढले, १९८३ मध्ये ब्लॅक सबाथमध्येही गाऊन आला, १९८४ मध्ये परत पर्पलमध्ये, १९८९ मध्ये हाकलला गेला, १९९२ मध्ये पुन्हा आत, आणि अजून गातोय. पण तुझ्या तक्त्यात जो रकाना नाही तो सांगतो. १९७० ते ७३ च्या त्यांच्या गाण्यांवर पाचही जणांची नावं आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळला त्यावरचं ते 'स्मोक ऑन द वॉटर' घे. मूळ रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ती गिटारची ओळ, रिची ब्लॅकमोरची, शब्द गिलनचे, शीर्षक रॉजर ग्लोव्हरचं, पण वाटा पाच जणांचा. त्यात ड्रमर इयन पेसही आला. कळलं? त्याच काळातला, त्याच देशातला ड्रमर, आणि त्याला पाचवा हिस्सा. बेकरपेक्षा तो मोठा वाजवणारा होता म्हणून नाही. त्यांच्यात तसं ठरलं होतं म्हणून.

१९८४ मध्ये परत एकत्र आले तेव्हा ती रीत मोडली, बहुतेक गाण्यांवर तीनच नावं. दहा वर्षांच्या आत पुन्हा फाटलं. स्टीव्ह मोर्स आल्यावर, १९९६ च्या अल्बमपासून, पुन्हा पाचांची नावं. मोर्स २०२२ पर्यंत टिकला. समान वाटे असूनही १९७३ मध्ये भांडले होते, हे तू तोंडावर फेकशील, माहीत आहे. भांडले. पण ते भांडण गिलन आणि ब्लॅकमोर यांच्या स्वभावांचं होतं. स्वभावाची भांडणं मिटतात किंवा माणसं जातात. वाट्याचं भांडण पंगतीत शेजारी येऊन बसतं.

आणि साधू कुणीच नाही हेही ऐकून ठेव. 'चाइल्ड इन टाइम', ज्यात गिलन किंचाळत किंचाळत आभाळाला हात लावतो, त्याची मूळ धून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या १९६९ च्या तुकड्यावरून उचललेली आहे. गिलननं स्वतः हे सांगितलंय, हसत हसत. त्या बँडनंही पर्पलचा एक तुकडा उचलला म्हणे, फिट्टंफाट. पण 'चाइल्ड इन टाइम'च्या सातबाऱ्यावर नावं पाच, त्यांत बॉम्बेवाल्यांचं एकही नाही.

आता नोकरी. घे. किंवा नको घेऊस. खरंच सांगतो, मला त्यानं काडीचा फरक पडत नाही आणि तुलाही पडू नये. बंगळूरला काय बेस वाजत नाही? मी सरकारी नोकरी करून संध्याकाळी वाजवलंच की, आणि कुणी म्हणू नये की त्यामुळे माझा पीस कमी प्रतीचा होता. तू कुठं राहतेस यापेक्षा गाण्यावर काय लिहिलंय ते बघ.

करायचं एवढंच. अजून गाणं नवं आहे, दुरुस्ती होते, वितरकाच्या खात्यात जाऊन नावं बदलता येतात. चौघं एका टेबलाशी बसा. गटातल्या चॅटवर नको, तिथं माणूस अंगठा दाखवून सुटतो. एका कागदावर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, सुरुवात कुणाची, बसवलं कुणी, आणि पुढं टक्के. तारीख, चार सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत. तालमीत फोनवर केलेली रेकॉर्डिंग पुसू नकोस, त्यावर तारीख असते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून घेऊन बुडवता येत नाही. पण आधी तू 'संगीतकार' ठरायला हवीस ना! तुझी बेसची ओळ ही रचना की नुसतं वाजवणं, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील. म्हणून वकिलापर्यंत जायच्या आधी आपसात लिहून घ्यायचं. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे. फॉर्म कंटाळवाणा आहे, भर.

गिटारवाला वाईट मुलगा आहे असं मी म्हणत नाही. माझा मित्रही वाईट नव्हता. त्याला बहुधा खरंच वाटत असेल की गाणं त्याचं आहे. अपलोडच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता, त्यानं स्वतःचं नाव टाकलं असेल, मनात काही नसेल. म्हणूनच आत्ता बोल. गाणं चालायच्या आधी बोललीस तर ती चर्चा, चालल्यावर बोललीस तर तो आरोप. आणि तो हसून 'आपल्यात काय' म्हणाला तर तूही हस आणि म्हण, आपल्यातच आहे म्हणून तर कागद सोपा आहे. पेन तू ने. अशा वेळी कुणाकडेच पेन नसतं.

मी तुझ्या जागी असतो तर हे सगळं त्या वेळी असंच केलं असतं का, असं तुझी आई विचारेल. तिला सांग, मी विचारलं होतं. उशिरा नाही, कॅसेट आली त्याच संध्याकाळी विचारलं होतं. ग्रुप मी सोडला, हे सगळ्यांना आठवतं. आधी विचारलं होतं, हे कुणाला आठवत नाही.

हे पत्र बँडच्या ग्रुपवर टाकू नकोस. आधी कागद, मग हवं तर पत्र.

त्या बाकीच्या तीन गाण्यांत कुणी काय केलं ते शनिवारपर्यंत लिहून पाठव, ओळ न् ओळ. ड्रमवाल्यानं काय केलं तेही लिही. त्याला विसरशील, सगळेच विसरतात.

तुझा,
काका